रविवारचे पोहे आणि त्याआधीचं बेकन

पत्र थोडक्यात असं. लिहिणारे गृहस्थ ५६ वर्षांचे, मूळ कराडकडचे, गेली २२ वर्षं इंग्लंडमध्ये, लंडनच्या पश्चिमेला राहतात. घरी बायको, १५ वर्षांचा मुलगा, १२ वर्षांची मुलगी, शिवाय वर्षातले काही महिने आई येऊन राहते. घरात चिकन-मटण होतं पण डुकराचं मांस कधी आणलेलं नाही, आणि आई माळकरी असल्यामुळे ती असताना अंडंसुद्धा बाहेरच. ह्यांना मात्र बेकन जीव की प्राण. ऑफिसला जायच्या तिन्ही दिवशी स्टेशनवरच्या टपरीतून बेकन रोल, शनिवारी मुलाच्या फुटबॉलच्या मैदानावर एक, आणि रविवारी बायको मुलीला घेऊन भरतनाट्यमच्या क्लासला गेली की घरी चार पट्ट्या तव्यावर. मग खिडक्या उघडायच्या, एक्झॉस्ट लावायचा आणि वास मरावा म्हणून हिंग-कढीपत्त्याची सणसणीत फोडणी करून सगळ्यांसाठी पोहे. घरच्यांना वाटतं बाबांना रविवारी पोहे करायची हौस आहे. तव्यात सुटलेली चरबी जॅमच्या बरणीत भरून गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये, घरून काम असलं की त्यात अंडं. वडील ५८व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. ह्यांना चार वर्षांपासून बीपी, अम्लोडिपिनची गोळी ५ वरून १० मिलिग्रॅमची झाली तरी वरचा आकडा १५० च्या खाली येत नाही, हल्ली संध्याकाळी पायही सुजतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की बेकन आणि सिगरेट एकाच यादीत आहेत, तेव्हापासून प्रत्येक घासाला अपराधी वाटतं पण सुटत नाही. "अधूनमधून खातो, तरी एवढा गिल्ट का? सोडूनच द्यावं का? टर्की बेकन किंवा स्विंडनचा गोवेकर मित्र देतो ते घरचं चोरिस (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज) तरी चालेल का? आणि बायकोला कळलं तर?" अगदी तळाला एक ओळ आहे, "ते सरकारी शौच तपासायचं किटही दोनदा येऊन तसंच पडलंय, ते असो."

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले, खोटं कशाला बोलू, बेकनचा वास लपवायला हिंगाची फोडणी ही आयडिया माझ्या तरी ऐकण्यात नव्हती. (एक शंका आधी विचारून घेते, ते पोहे तेलातच करता ना? बरणीतल्या चरबीत नाही ना? नसाल करत, पण पत्रात ते स्पष्ट नव्हतं आणि माझा जीव खालीवर झाला.) मग दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन वाचलं, कारण तुमचा एक शब्द मला खटकत होता. "अधूनमधून."

आपण मोजू या का जरा? स्टेशनवरचे तीन रोल, प्रत्येकात दोन पट्ट्या धरल्या तर सहा. शनिवारच्या दोन. रविवारच्या चार. झाल्या बारा. तुमच्याकडे मिळतं ते बॅक बेकन, पाठीच्या मांसाचं, रुंद पट्ट्यांचं, त्याची एक पट्टी भाजून झाल्यावर साधारण २५ ग्रॅम भरते. म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅम, दिवसाला ४० च्या थोडं वर. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ज्या मेसेजने तुमची झोप उडवली त्यातला आकडा आहे रोजच्या ५० ग्रॅमचा. तर साहेब, तुम्ही अधूनमधून खाणाऱ्यातले नाही, तुम्ही जवळजवळ त्या आकड्यातलेच आहात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून खाता म्हणून ते एकत्र दिसत नाही.

हे मी रागवायला म्हणून लिहीत नाहीये. मला त्यात गंमत ही वाटली की गिल्ट तुम्हाला बाराही पट्ट्यांना येतो असं तुम्ही म्हणता, मग त्या गिल्टने एकतरी पट्टी कमी केली का? नाही ना. उलट मला वाटतं तो गिल्ट तुमच्याकडे टोलनाक्यासारखा झालाय, टोल भरला की गाडी पुढे. वाईट वाटून घेतलं, म्हणजे त्या दिवसापुरता हिशेब चुकता, उद्या परत रोल. ज्यांना अजिबात वाईट वाटत नाही ती माणसंही बाराच खात असतील, मग वाईट वाटून तुम्ही नेमकं काय कमावलं? जेवणाची चव घालवलीत तेवढी.

आता त्या यादीबद्दल, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहे आणि असेच मेसेज इकडे आमच्या ग्रुपवरही फिरत असतात. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी एक संस्था आहे, आयएआरसी, फ्रान्समध्ये लिऑं शहरात. त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये १० देशांतले २२ तज्ज्ञ बसवून ८०० हून जास्त अभ्यास चाळले आणि प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे बेकन, हॅम, सॉसेज, सलामी वगैरे, पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे हे खरं. पण ती यादी काय सांगते, तर ह्या गोष्टीने माणसाला कॅन्सर होतो ह्याचा पुरावा किती पक्का आहे. किती जणांना होतो हे ती सांगतच नाही. कोर्टात पाकीटमारही दोषी ठरतो आणि खुनीही दोषी ठरतो, निकालपत्रात शब्द एकच, पण म्हणून दोघांना एका मापाने कुणी मोजत नाही. त्याच संस्थेने तेव्हा दिलेले अंदाज बघा, प्रक्रिया केलेलं मांस जास्त असलेल्या आहारामुळे जगात वर्षाला साधारण ३४ हजार कॅन्सरचे मृत्यू, आणि तंबाखूमुळे साधारण १० लाख. तेव्हा "सिगरेटइतकंच वाईट" हे चूक, आणि "मग काहीच नाही त्यात" हेही चूक.

मग आहे किती? रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी सांगितलं. १८ टक्के ऐकलं की वाटतं शंभरातल्या अठरा जणांना होणार, तसं नाहीये ते. ब्रिटनमध्ये आयुष्यभरात शंभरातल्या साधारण ६ जणांना हा आजार होतो, शंभरही जणांनी रोज ५० ग्रॅम खाल्लं तर ते ६ चे साधारण ७ होतील. एक माणूस वाढला. आता तो एक माणूस कोण हे आधी कुणालाच माहीत नसतं आणि त्याच्या घरच्यांना तो शंभर टक्केच असतो, म्हणून मी हे उडवून लावणार नाही, पण "एवीतेवी बुडालोच आहोत तर खाऊन घेऊ" हा जो सूर तुमच्या पत्रात मध्येच एकदा लागतो ना, त्याला ह्या आकड्यात काही आधार नाही. बुडाला वगैरे नाहीत तुम्ही.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची आणि ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहून टाकलीये. मीठ.

बेकन म्हणजे मुळात मीठ लावून टिकवलेलं मांस. तिकडे पाकिटावर लाल-पिवळे-हिरवे ठिपके असतात ना, १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमच्या वर मीठ असलं की लाल, आणि बेकनमध्ये बहुतेक वेळा अडीच-तीन ग्रॅम असतं. दोन पट्ट्या, वर ब्रेडचं मीठ, वर तो ब्राऊन सॉस, एका रोलमध्ये दोन-अडीच ग्रॅम सहज जातं. तुमच्याकडे एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, सांगतं दिवसाला ६ ग्रॅमच्या आत, जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ च्या आत. म्हणजे सकाळी साडेआठला, प्लॅटफॉर्मवर, दिवसाचं जवळजवळ अर्धं मीठ संपलेलं. मग घरी येऊन आमटी, भाजी, पापड, आईने आणलेलं लोणचं, ते सगळं आहेच. आणि तुम्हाला चार वर्षांपासून बीपी आहे, आणि वडील ५८व्या वर्षी गेले. आतड्याचा शंभरातला एक वाढलेला माणूस तुम्हाला रात्री दिसतो, आणि हे जे रोज दंडाला पट्टा बांधून दिसतंय ते दिसत नाही, असं का होतं माहितीये? कॅन्सर ह्या शब्दाला आवाज मोठा आहे. बीपी बिचारं गप्प असतं.

इथे आमच्या बाबांची गोष्ट सांगते. बाबांनाही बीपी, गोळी चालू, तरी आकडा हटेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. आई स्वयंपाकात मीठ चिमटीने मोजून घालायची, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली होती, आम्ही सगळे अळणी खाऊन कंटाळलो होतो. मग एकदा स्कूटर सर्व्हिसिंगला द्यायची म्हणून मी डिकी रिकामी करायला गेले तर आत वर्तमानपत्राचे बोळे. तेलकट, पारदर्शक झालेले, पाच-सहा. एकाच्या घडीत शेवेचे तुकडे आणि खाऱ्या दाण्यांची सालं. बाबा रोज संध्याकाळी वाचनालयात जायचे ना, तर वाटेतल्या भट्टीवरून पुडी घ्यायचे, खायचे, आणि पुरावा डिकीत. फेकायचाही धीर नाही, कुणी बघेल म्हणून! मी आईला सांगितलं नाही, डॉक्टरांकडे पुढच्या वेळी बाबांबरोबर मी गेले आणि बाबांनाच म्हटलं, सांगा. त्यांनी खाली मान घालून सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त आधीचे कागद काढून गोळ्या कधी कधी वाढवल्या ते बघितलं आणि म्हणाले, काका, हे मला दीड वर्षापूर्वी कळायला हवं होतं.

म्हणून तुमच्या ५ च्या १० झालेल्या गोळीकडे मी जरा संशयाने बघतेय. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही, तेव्हा औषधात मी हात घालणार नाही आणि तुम्हीही स्वतःहून घालू नका, गोळी बंद करू नका, अर्धी करू नका. पण तुमच्या जीपीला, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरांना, कधी सांगितलंय का की मी आठवड्याला बारा पट्ट्या खातो? त्यांनी "डाएट कसं आहे" विचारलं असणार आणि तुम्ही "घरचंच, इंडियन" म्हणाला असणार, मी पैज लावते. आणि पायांची सूज सांगा. अम्लोडिपिनने, विशेषतः जास्त डोसला, घोट्याशी सूज येते हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं, दुसरीही कारणं असू शकतात, ती त्यांनी बघायची. सूज येतेय हे त्यांना कळलंच नाही तर ते काय बघणार? बेकनपेक्षा ही अपॉइंटमेंट आधी.

बरं, आता खायचं की नाही.

सोडूनच द्या असं सांगणं सोपं आहे, आणि कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्था शक्यतो खाऊच नका किंवा अगदी कमी खा असंच सांगतात, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तुम्ही २२ वर्षं इंग्लंडात आहात, "सोमवारपासून बंद" हे तुम्ही किती वेळा केलं असेल ते तुम्हाला माहीत. मला विचाराल तर मी आधी हे बघेन की बारापैकी कुठल्या पट्ट्यांना खरंच चव आहे. तुम्हीच लिहिलंय की स्टेशनवरचं बेकन आधीच भाजून ठेवलेलं असतं, "चामड्यासारखं, पण हातात गरम काहीतरी असतं." मग हे तुम्ही बेकनसाठी खाता की हातात गरम काहीतरी असावं म्हणून? जानेवारीच्या सकाळी लोकल पकडताना हातात गरम काहीतरी हवंसं वाटणं ह्यात चूक काही नाही, पण त्याच टपरीवर एग रोलही मिळतो, सॉस नका घालू देऊ, झालं काम. घरून थालीपीठ न्या असं मी म्हणणार नाही, तुम्ही नेणार नाही आणि नेलंत तरी ऑफिसात उघडणार नाही. तर हे सहा गेले. ज्यांची चवच नव्हती ते गेले, त्याचं दुःख किती करायचं?

शनिवारचा रोल मी काढणार नाही. तो तुम्ही पावसात उभं राहून बाकीच्या बापांबरोबर खाता, मुलगा लांबून बघतो की बाबा आलाय, आणि पत्रात तेवढ्याच एका जागी तुम्ही "मजा येते" हे शब्द वापरलेत, बाकी सगळीकडे "खाल्लं जातं". तो राहू दे.

रविवारच्या चारच्या दोन करा. म्हणजे बाराच्या चार झाल्या, आठवड्याला १०० ग्रॅम, एक तृतीयांश. बीपीचे आकडे रोज एकाच वेळेला घेऊन महिनाभर वहीत लिहा, तो कागद जीपीला दाखवा, ती वही तुम्हाला माझ्या सदरापेक्षा जास्त समजावेल.

आणि भाजायचं कसं तेही सांगते, कारण त्यात खरंच फरक पडतो. बेकनला तो गुलाबी रंग आणि ती खास चव येते सोडियम नायट्राइटमुळे, पाकिटावर ई-२५० लिहिलेलं असतं. ते घालतात त्याला कारणही आहे, बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा त्याने टळते, उगीच कुणी रसायन ओतत नाही. पण मांसातल्या प्रथिनांशी त्याचा संबंध आला आणि वर कडक आच मिळाली की नायट्रोसमाइन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि कॅन्सरच्या बाबतीत भानगड त्यांची आहे. तेव्हा तवा धुरकटेपर्यंत तापवून त्यावर पट्ट्या टाकणं बंद. थंड तव्यावर ठेवा, मंद आच, हळूहळू चरबी सुटू द्या, सोनेरी झालं की काढा, काळ्या कडा आवडत असल्या तरी त्या कापून टाका, टिश्यूवर निथळू द्या.

आणि ती बरणी. माफ करा, पण ती बरणी आज टाकायची. भाजताना तयार झालेले नायट्रोसमाइन पट्टीत राहतात त्याहून जास्त त्या सुटलेल्या चरबीत उतरतात, हे अमेरिकेत जुन्या अभ्यासांतही दिसलेलं आहे. म्हणजे तुम्ही जो भाग जपून, गॅरेजमध्ये लपवून, अंड्यासाठी ठेवलाय तो त्या सगळ्यातला सगळ्यात टाकाऊ भाग निघाला. सिंकमध्ये ओतू नका मात्र, गोठवून कचऱ्यात. लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात २०१७ साली चरबी आणि वाइप्सचा जो गोळा सापडला तो सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन होता, तुमचा हातभार त्यात नको.

टर्की बेकनचं विचारलंत. चरबी कमी असते, हे बरोबर, पण मीठ आणि नायट्राइट बहुधा तेच, आणि "प्रक्रिया केलेलं मांस" ह्या व्याख्येत कोंबडी-टर्कीही येतात. शिवाय चव बेकनची नाही. म्हणजे गिल्ट तेवढाच आणि मजा अर्धी, हा सौदा मला कळत नाही. नायट्राइट न घातलेलं बेकन तुमच्याकडच्या दुकानांत २०१८ पासून सरसकट दिसायला लागलंय, आणि इटलीतलं पार्मा हॅम तर १९९३ पासून फक्त मांस आणि मीठ एवढ्यावरच करतात, तेव्हा ते अशक्य नाही. परवडत असेल तर रविवारच्या दोन पट्ट्यांसाठी ते घ्या. पण लेबल वाचा, काही ठिकाणी नायट्राइटऐवजी सेलरीचा अर्क घातलेला असतो, त्यातून नायट्राइटच येतं, फक्त नाव भाजीचं. आणि मीठ बहुधा कमी केलेलं नसतं. तुमच्या बाबतीत शत्रू नंबर एक तोच आहे, म्हणून "नायट्राइट-फ्री आहे, मग सहा खाऊ" असं मनात आलं तर मला आठवा.

चोरिस. अरेरे, इथे माझं मन द्विधा आहे कारण पणजीला मी पावातलं चोरिस खाल्लंय आणि त्या लाल तेलात बुडालेला कांदा मी अजून विसरलेले नाही. स्विंडनला गोवेकरांची मोठी वस्ती आहे, तुमचा मित्र घरी करतो म्हणजे मीठ, व्हिनेगर, मिरची, मसाला, मग वाळवणं किंवा धुरावणं. घरचं असल्यामुळे त्यात नायट्राइट नसेलही, पण खारवणं, आंबवणं, धुरावणं हे सगळं त्या व्याख्येत बसतं, आणि मीठ तर बचकेने असतं. "घरचं" ह्या शब्दाचा आपल्याला फार आधार वाटतो. आजीच्या हातचे पापडसुद्धा घरचेच असायचे आणि त्यात पापडखार असायचाच. त्या मित्राच्या घरी सणाला जेवायला गेलात की खा, मनापासून खा. डबा भरून आणू नका.

(इकडे पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांसाठी, ज्यांना वाटत असेल आपण कुठे बेकन खातो. कोल्ड स्टोरेजच्या दुकानातलं चिकन सॉसेज, मुलांच्या डब्यातलं सलामी सँडविच, पिझ्झावरचं पेपरोनी, हिशेब तोच. मुलं खातात म्हणून ते मुलांचं खाणं होत नाही. आणि बीपीवाल्यांनो, पापड, लोणचं, फरसाण, सुकट, हे पत्र तुमचंही आहे.)

आता बायको. तुम्ही "कळलं तर" लिहिलंय. मला शंका आहे की कळलेलं आहे. बेकनचा वास हिंगाने जात नाही, हिंगाच्या खाली बसून राहतो, पडद्यात, टॉवेलात, तुमच्या स्वेटरला. तुम्हीच लिहिलंय की मुलगी एकदा दारातून आत येत म्हणाली, "आज पोह्यांचा वास शाळेच्या कँटीनसारखा येतोय." बारा वर्षांच्या मुलीला कळतं ते तिच्या आईला कळलं नसेल? त्या गप्प असतील तर कदाचित तुम्ही कधी सांगता ह्याची वाट बघत असतील, किंवा रविवारी आयते पोहे मिळतायत तर कशाला मोडा असंही असेल, मला त्यांचा स्वभाव माहीत नाही.

पण तुमचा गिल्ट मी उलगडून बघते तेव्हा मला त्यात तीन वेगळे धागे दिसतात आणि तुम्ही त्यांची एकच गाठ मारलीये. तब्येतीचा एक, तो आकड्यांनी सुटतो, वर बोललो. दुसरा डुकराचा. आपल्याकडे लहानपणी डुक्कर म्हटलं की गावाबाहेरच्या गटाराशी लोळणारं डुक्कर डोळ्यासमोर यायचं, आणि ते खाणं म्हणजे पायरी सोडणं असं घरात न बोलता शिकवलेलं असायचं, आईची माळ, घरातला विठोबा, हे सगळं त्यात मिसळलेलं. त्याचं कोलेस्टेरॉलशी काही देणंघेणं नाही. ते तुमचं तुम्ही ठरवायचं, खायचं तर खायचं, आणि नको वाटत असेल तर त्यासाठी आयएआरसीची साक्ष काढायची गरज नाही, "नको वाटतं" एवढं पुरेसं आहे. तिसरा धागा लपवण्याचा, आणि मला वाटतं जास्त टोचतो तो हा. कारण शनिवारी चारचौघांत खाता तेव्हा टोचत नाही, रविवारी एकट्याने खाता तेव्हा टोचतं, पट्टी तीच असून.

आईंना सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. ऐंशीच्या घरातल्या माळकरी बाईंना हे सांगून तुमचं मन हलकं होईल आणि त्यांचं जड होईल, त्यात काय मिळवलं? त्या असतील तेव्हा घरात करू नका म्हणजे झालं. बायकोचं वेगळं आहे, त्यांना तुमचं बीपी माहीत आहे, उद्या काही झालं तर अँब्युलन्सला फोन त्या करणार आहेत. सांगताना कबुलीजबाबासारखं बसवून सांगू नका, उगीच त्यांना वाटेल दुसरंच काही प्रकरण आहे. पोहे करताना सांगा. "मी रविवारी तुम्ही गेलात की बेकन खातो, बऱ्याच वर्षांपासून, आता चारच्या दोन केल्यात, आणि बीपीसाठी मीठ कमी करायचंय, लोणचं माझ्या ताटात नको." एवढंच. त्यांना डुकराचं मांस घरातल्या तव्यावर नको असेल तर तो त्यांचा हक्क आहे, वेगळा तवा आणा, किंवा रविवारचं बाहेर जाऊन खा. भूकंप होईल म्हणता, होऊ दे की. तव्यावरून भांडण झालेलं परवडलं.

राहता राहिलं ते "ते असो".

मला तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ सगळ्यात जास्त आठवत राहिली. आतड्याच्या कॅन्सरची भीती म्हणून तुम्ही एवढं लांब पत्र लिहिलंत, आणि तो लवकर पकडायचं किट सरकारने दोनदा घरपोच, फुकट पाठवलं, ते तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकलंत. इंग्लंडमध्ये आता ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना ते दर दोन वर्षांनी येतं. लाज वाटते, घाण वाटते, आई घरात असताना बाथरूममध्ये ते घेऊन जायचं कसं, हे सगळं मला समजतं. पण करायचं काय असतं, तर झाकणाला लावलेली एक काडी, तिच्या टोकाला लागेल एवढंच, बाटली बंद, आलेल्या पाकिटात घालून पोस्टात. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात शोधतात. रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, मूळव्याधीनेही येतं, मग पुढची तपासणी करतात. बाकी शौचातून रक्त जातंय, दोन-तीन आठवडे पोटाची सवयच बदललीये, कारण नसताना वजन उतरतंय, असं काही असेल तर किटची वाट न बघता सरळ जीपी. (भारतात असं घरपोच किट येत नाही, तेव्हा घरात कुणाला हा आजार झालेला असेल किंवा पन्नाशी उलटली असेल तर आपल्या डॉक्टरांना आपणच विचारायचं.)

किटवर मुदतीची तारीख असते, पहिल्याची तर नक्कीच उलटून गेली असणार, दुसऱ्याची बघा. तीही गेली असेल तर पत्रावर हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन केला की नवं पाठवतात, का राहिलं असं कुणी विचारत नाही.